नजर अडकली की कल्पनाही अडकतात

सोमवार, रात्री.

व्हिडिओ बैठकीत नवीन काही सुचत नाही, ही तक्रार आज परत. दोष इंटरनेटला, नाहीतर कंटाळ्याला दिला जातो. मला वाटतं, खरी गोम नजरेत आहे.

मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा २०२२ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेला प्रयोग यासाठीच मला मोलाचा वाटतो. दोघादोघांच्या जोड्या, फ्रिस्बीचे किंवा बबल रॅपचे नवे उपयोग सुचवायचे. व्हिडिओवरच्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्या जोड्यांपेक्षा कमी कल्पना सुचल्या. खोलीत कुंडीतलं मोठं झाड होतं, भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं. अशा वस्तूही त्यांना नंतर कमी आठवल्या. नजर पडद्यावरच्या चेहऱ्यावरच खिळलेली. सुचलेल्यातून चांगलं निवडताना मात्र त्या जोड्या मागे पडल्या नाहीत. म्हणजे सुचायचं काम पडद्यापासून दूर, निवडायचं काम पडद्यावर.

चाळीस मिनिटांची बैठक असेल तर प्रश्न आदल्या दिवशीच एका ओळीत पाठवावा. पहिली दहा मिनिटं कॅमेरा आणि माइक बंद, प्रत्येकानं कागदावर निदान आठ कल्पना लिहायच्या. पहिल्या तीन-चार सगळ्यांच्या सारख्याच निघतात, खरी मजा पाचवीपासून. सामायिक फाइलमध्ये लिहायला लावलं तर घात होतो: पहिली ओळ दिसली की बाकीचे तिच्याच मागे जातात. पुढची पंधरा मिनिटं नुसत्या आवाजावर, शक्य तर चालत बोलावं. स्टॅनफर्डच्या २०१४ च्या प्रयोगांत कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालतानाही लोकांना बसल्यापेक्षा जास्त सुचलं होतं! शेवटच्या पंधरा मिनिटांत कॅमेरा सुरू करून निवड. तेव्हाही स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट लपवावी, लक्ष सारखं तिकडेच जातं.

यावर ‘मग सगळ्यांना ऑफिसातच बसवा, भिंती पाडा’ असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं. बर्नस्टाइन आणि टर्बन या संशोधकांनी दोन कंपन्यांची मुख्यालयं अभ्यासली, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मोकळी रचना केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. चारी बाजूंनी नजरा असल्या की माणूस हेडफोन चढवून पडद्यात तोंड खुपसतो. बोलायला आडोसा लागतो. दार लावता येईल अशी दोन-तीन जणांची छोटी खोली, आत फळा, आणि नजर लांब जाईल अशी एक खिडकी. खुर्च्या एकमेकींसमोर नकोत, फळ्याकडे तिरक्या हव्यात.