पूर्ण नाव का नाही लिहीत?

मेफ्लायचा, म्हणजे पाण्याकाठच्या त्या नाजूक पंखांच्या किड्याचा, फोटो कुणालाही पाठवला की उलट हेच येतं, एवढा क्लोजअप काढतोस, पायाची नखं मोजता येतात, मग खाली नुसतं 'बेटिडी' हे कूळ काय लिहितोस, पूर्ण नाव लिही की. कोण आळशी म्हणतं, कोण म्हणतं भाव खातो. तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आळस नाहीये हो. मेफ्लायचं नाव बहुतेक वेळा फोटोत नसतंच. नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव, निम्फचे, म्हणजे तिच्या पाण्यातल्या पिल्लाचे, जबडे, हे मायक्रोस्कोपखाली बघायचं काम. फोटोवरून कूळ कळतं, नशीब असेल तर त्याच्या एक पायरी खाली. शेपट्या दोन की तीन, मागचा पंख केवढा, नराचे डोळे पगडी ठेवल्यासारखे वर आलेत का, बस. त्यात परत पंख फुटल्यावरही ती एकदा कात टाकते, असं करणारा दुसरा कीटक नाही, म्हणजे संध्याकाळी दुधाळ पंखांची दिसलेली सकाळी काचेसारखी होऊन बसते आणि तुम्हाला वाटतं दोन जाती मिळाल्या. (मला वाटलं होतं.)

गाईड म्हणाल तर मला सापडली ती सगळी ट्राउटवाल्यांची. गळाला पिसांची खोटी मेफ्लाय बांधून ट्राउट मासा फसवायचा, त्यासाठी ठेवलेली नावं. 'ब्लू-विंग्ड ऑलिव्ह' म्हणजे इंग्लंडात एक, अमेरिकेत बेटिडीतल्या कितीतरी त्याच नावाखाली. आमच्या गोव्यातल्या सत्तरीच्या व्हाळात ट्राउट नाहीच. पण शिकलो मी त्यांच्याच फोटोंवरून, बाजूने, डोळ्याच्या पातळीवर, फ्लॅशला ट्रेसिंग पेपर लावून, हे सगळं त्यांचंच, ते कशाला नाकारू.

आणि तिथेच घोळ झाला. सुरुवातीला मी पूर्ण नावं लिहायचो, ठोकून. व्हरांड्यातल्या बल्बवर आलेली एक मेफ्लाय मी 'बेटिस ऱ्होडानी' म्हणून लिहिली, कारण ट्राउटवाले त्या जातीला 'लार्ज डार्क ऑलिव्ह' म्हणतात, तिच्या फोटोशी ती हुबेहूब जुळत होती. युरोपातली जात वाळपईच्या बाजूला काय करते हा प्रश्न मला पडलाच नाही. भाचीने कॉलेजच्या प्रोजेक्टला तो फोटो मागितला, मी दिला, वर नाव तिच्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी फोटो जवळ धरला आणि विचारलं, बेटिस ना, मग मागचा छोटा पंख कुठाय? नव्हताच. फोटो इतका साफ होता की पंख नाही हे स्पष्ट दिसत होतं, धूसर असता तर निदान लपलं असतं. पोरगी गप्प उभी राहिली. मामाने सांगितलं एवढंही म्हणाली नाही, हे मला बहिणीकडून कळलं, नंतर, फोनवर, आणि मी तेव्हा काय म्हणालो माहितीये? त्या बाईंना तरी कुठे कळतं.

मग गणपतीची चवथ आली. सगळे मूर्तीच्या वर टांगायची माटोळी बांधत होते, कांगलां, तोरंजन, सुपारीचे शिपटे, आई न बघता हाताला लागेल त्याचं नाव सांगत होती आणि भाची खालून एकेक वर देत होती. मध्येच ती म्हणाली, "मामा, पंख सापडला?" सगळे हसले. मीपण हसलो. त्या रात्री जुन्या फोटोंखालची नावं खोडायला बसलो, तीस-चाळीस तरी होती, किती बरोबर असतील देव जाणे.

आता तुम्ही म्हणाल, मग नर पकड, स्पिरिटमध्ये घाल, जाणकाराला दे. बरोबर आहे. मी आधी सांगायचो, अभयारण्यात परवानगीशिवाय हात लावता येत नाही. खरंच आहे ते, पण माझे निम्मे फोटो घरच्या पोफळीच्या कुळागरातल्या पाटावरचे आहेत, तिथे कोण अडवतंय मला? मग म्हणायचो, बिचारी मोठी झाल्यावर खात नाही पीत नाही, एखाददुसरा दिवस जगते, तिला कशाला मारा. तेही अर्धंच, पाण्यात निम्फ म्हणून ती आधी कितीतरी जगलेली असते. आणि फोटोसाठी काचेच्या ग्लासात कोंडून वर फ्लॅश मारताना मला तिची दया कुठे येते?

सध्या मी कातीच गोळा करतो. निम्फची टाकलेली कात दगडावर चिकटलेली मिळते, जबडा पण असतो तिच्यात. फ्रीजमध्ये अकरा बाटल्या झाल्यात, बायको सोलकढी ठेवायला जागा मागते. पण बल्बवरची मेफ्लाय त्यातल्या कुठल्या कातीतून निघाली हे काय कात सांगत नाही, म्हणजे परत निम्फ घरी आणून वाढवणं आलं, आणि दोनदा आणले ते दोन्ही वेळा पाणी गरम होऊन मेले.

परवा पगडीवाला नर आला होता बल्बवर. ग्लासात घेतला, बारा फोटो काढले, स्पिरिटची बाटली बाजूलाच होती. सोडून दिला. भाचीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर, नाव?