सखूचं वजन

केशर-वेलदोडे तोलायला आणलेला माझा डिजिटल काटा वर्षभर लेकीच्या खोलीत मुक्कामाला आहे. दर रविवारी सकाळी, पोटात काही जायच्या आत, त्यावर सखू बसते. सखू म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन, सरड्याचीच एक जात, मूळची येमेन-सौदीकडची, आता आमच्यासारखीच न्यू जर्सीकर. (काटा मी परत मागितला नाही. सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो आणि घरी श्रीखंड होतं.)

नुसती काट्यावर ठेवली तर ती सरळ चालू लागते. म्हणून आधी लाकडी दांडी ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, मग हातावरून तिला दांडीवर उतरवायचं. तिच्या बोटांच्या दोन जुड्या, सांडशीसारख्या. एक पाय सोडवावा तर दुसरा बोट आवळतो. एकदाची चढली की वाऱ्यावरच्या पानासारखी पुढेमागे डुलते, आणि तिच्याबरोबर आकडाही: 86, 88, 85 ग्रॅम. एक डोळा काट्यावर, दुसरा माझ्यावर.

नजरेचा अंदाज इथे चालत नाही. रागावली की अंग चपटं करून केवढी तरी मोठी दिसते. गारठली की काळपट, किरकोळ. साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर तिला बघून दर वेळी "वाळलीय गं" म्हणतात. पण त्या मलाही तेच म्हणतात.

मार्चमध्ये आकडा भराभर चढला. 96, 104, 112. मला वाटलं, बाळसं धरतेय; कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे अंगी लागतायत. मग तिने खाणंच सोडलं आणि पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा सुरू केल्या.

"आई, अंडी आहेत," लेक म्हणाली.

नर जवळपास नसला तरी यांच्या माद्या अंडी घालतात, आणि खाणं जास्त झालं तर अंडीही जास्त. लेकीची पाठ वळली की मी दोन रातकिडे जादा सोडत होते, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

ओल्या वाळूचा डबा ठेवला. सखूने दोन दिवस खणलं, 26 अंडी घातली, भोक नीट बुजवलं आणि मातकट तोंडाने वर आली. रविवारी आकडा 78.

"वाळलीय गं," सासूबाई म्हणाल्या. या वेळी मी मान डोलावली.

"मग बाळंतिणीला देता काय?"

लेकीने रेशीमकिड्यांचा वळवळता डबा कॅमेऱ्यासमोर धरला. सासूबाईंनी फोन मुकाट्याने सासऱ्यांच्या हातात दिला.