धागे नसलेला पत्रा

भोसरीतील एका कारखान्याच्या छपरावर फेब्रुवारीत केलेले काम माझ्या लक्षात राहिले आहे ते माझ्याच चुकीमुळे. तेथे लोखंडी पत्र्यांमध्ये उजेडासाठी मधूनमधून फायबरचे पत्रे बसवलेले होते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्यांच्यावरील रेझिन (काचतंतू धरून ठेवणारी राळ) झिजून काचतंतू उघडे पडले होते, त्यांत धूळ रुतली होती आणि खाली भर दुपारीही दिवे लावावे लागत होते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम १७ प्रमाणे असे झरोके आतून-बाहेरून स्वच्छ ठेवावे लागत. पण येथे नुसत्या धुण्याने भागणार नव्हते.

पत्रे धुऊन त्यांवर उन्हाने पिवळे न पडणारे, अ‍ॅलिफॅटिक प्रकारचे पारदर्शक पॉलियुरेथेन (वार्निशसारखा लेप) फवारायचे ठरले. आत मुरलेला पिवळेपणा त्याने जात नाही, हे मी आधीच सांगितले होते. मात्र उघडे तंतू थरात बुडाले की पत्रा ओल्या मलमलीसारखा पुन्हा उजेड देऊ लागतो. आदल्या दिवशी एका पत्र्यावर घेतलेला नमुना तसाच उत्तम उतरला होता.

जुना फायबरचा पत्रा माणसाचे वजन पेलेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे पर्लिनच्या, म्हणजे पत्र्यांखालील आडव्या तुळयांच्या, आधाराने फळ्या टाकून आणि लाइफलाइनला (सुरक्षेच्या दोराला) अंगावरचा हार्नेस अडकवून आम्ही वर गेलो व दव वाळल्यावर, दहाच्या सुमारास, फवारणी सुरू केली. तिसऱ्या ओळीतले दोन पत्रे झाले तोच मदतनीस म्हणाला, "साहेब, ह्याच्यात धागेच दिसत नाहीत."

मी वाकून पाहिले. स्क्रूभोवती केसांसारख्या बारीक भेगा उमटत होत्या. तो पत्रा पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे धागे नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकचा होता, आणि आवळलेल्या स्क्रूमुळे जेथे ताण होता नेमका तेथेच आमच्या मिश्रणातील द्रावक त्याला बाधला होता. थर पुसायला आणखी द्रावक लावणे म्हणजे भेगा वाढवणे. पूर्वी कधीतरी फुटलेले पत्रे बदलताना ते बसवले गेले होते आणि त्याची नोंद कोठेच नव्हती; तरी दोष नोंदीवर ढकलण्यात अर्थ नाही. धुऊन झाल्यावर मी खाली उभा राहून नुसते वर पाहिले असते तरी फरक कळला असता.

ते दोन्ही पत्रे आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिले. त्याच दुपारी सगळे छप्पर खालून निरखले, तेव्हा असे आणखी पाच निघाले. वर जाऊन त्यांच्यावर खडूने फुल्या मारल्या आणि फवारणीतून त्यांना वगळले.