तीन म्हणजे तीनच

सकाळच्या पहिल्या गेमला माझ्या एअरसॉफ्टच्या बंदुकीचा ट्रिगर दाबला की चार बीबी, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे, सुटायचे. जेवणानंतर तीन. चार वाजेपर्यंत कधी तीन, कधी दोनच. बंदूक तीच, सेटिंग तेच, बोटही माझंच. बर्स्ट, म्हणजे एका दाबाला ठरावीक छर्रे सुटायची सोय, तीनचा लावलेला होता.

मी मूळचा पुण्याचा, गेली सहा वर्षं तोक्योत, निशिकासाईला. ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने चिबातल्या मैदानावर नेलं आणि एअरसॉफ्टचं, म्हणजे खोट्या बंदुकांनी खेळायच्या लुटुपुटूच्या लढाईचं, वेड लागलं. इथे त्याला ‘साबागे’ म्हणतात. बीबी ६ मिलिमीटरचे. अंगाला लागला की आपणच ‘हित्तो!’ असं ओरडायचं, हात वर करायचा आणि बाहेर जायचं. कोणी पाहिलं नसलं तरीही. गल्ली क्रिकेटमध्ये बॅटला कड लागल्याचं सात पिढ्या कबूल न केलेल्या घराण्यातला मी, मला हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले.

बर्स्ट हवा होता त्याचं कारण साधं. फुल ऑटोवर, म्हणजे ट्रिगर दाबून ठेवाल तोवर सलग सुटतात त्यावर, बोट जरा रेंगाळलं की समोरच्याला आठ-दहा बसतात, आणि मग आपणच ओशाळून ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणत फिरतो. एकेक मारावा तर झुडपाआडचा माणूस निसटतो. एका दाबाला तीन, हा बरा मध्यम मार्ग.

माझी बंदूक सेकंडहँड एम४, अमेरिकी रायफलीची प्रतिकृती. मूळ बॅटरी ८.४ व्होल्टची निकेल वाली. ती दुपारनंतर दम्याच्या पेशंटसारखी चालायची, म्हणून आधी ७.४ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) घेतली. व्होल्ट कमी करून सुधारणा कसली, असं मलाही वाटलं होतं. पण हा छापील आकडा नुसता नाममात्र. मोटर सुरू होताना भरपूर करंट ओढते, तेव्हा जुनी निकेल बॅटरी लगेच मान टाकते. लायपोचा आतला रोध कमी, त्यामुळे तिचे व्होल्ट टिकतात. सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट देता येतो तो आकडा; १३०० एमएएच आणि २० सी लिहिलेलं असेल तर १.३ गुणिले २०, म्हणजे २६ अँपिअर तिने द्यायला हवेत. (निम्म्या लायपोंवरचा सी हा आकडा लग्नाच्या बायोडेटातल्या उंचीसारखा असतो. थोडा कमी धरावा.) ट्रिगरला लगेच धार आली.

आणखी एक गैरसमज, जो मैदानावर अजून ऐकू येतो: मोठी बॅटरी टाकली की बीबी जोरात जातो. नाही जात. जोर स्प्रिंगचा. बॅटरी फक्त ती स्प्रिंग किती भराभर मागे खेचायची तेवढं ठरवते. बरंच आहे ते, कारण जपानात २००६ साली बदललेल्या कायद्याने ताकदीची मर्यादा ०.९८ ज्यूलच्या आसपास बांधलेली आहे. ०.२ ग्रॅमच्या बीबीला सेकंदाला साधारण ९९ मीटर. मैदानावर शिरताना मोजून स्टिकर लावतात, वर गेली तर खेळायला मिळत नाही.

मग मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, घेतला. साध्या बंदुकीत मोटरचा सगळा करंट ट्रिगरच्या तांब्याच्या काँटॅक्टमधून जातो, आणि लायपो लावली की दर दाबाला तिथे ठिणगी उडते. काँटॅक्ट काळे पडत जातात. मॉसफेट लावला की ट्रिगरमधून नुसता इशारा जातो, खरा करंट चिपमधून. मी घेतलेला स्वस्तातला होता आणि त्यात बर्स्ट फुकट होता. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डरिंग केलं. बायको पाणी प्यायला उठली, म्हणाली, “हे जेवणाचं टेबल आहे अरे, तुळशीबागेतलं रेडिओ रिपेअरचं दुकान नाही.” जुना पांढरा प्लग कापून तिथे टी-कनेक्टर लावला. तांबडी-काळी तार तीनदा तपासली, कारण उलटी लागली तर मॉसफेट एका क्षणात जातो.

आणि मग तो चार-तीन-दोनचा प्रकार सुरू झाला.

तीन रविवार मी बॅटरीला शिव्या दिल्या. दुसरी आणली, तोच खेळ. मग अतिशहाणपणा केला. वाटलं, ताकद कमी पडतेय, म्हणून ११.१ व्होल्टची लायपो जोडली. पहिल्या मॅगझिनला शिवणयंत्रासारखा आवाज आला, मी खूश. दुसऱ्याला सेमीवर, म्हणजे एका दाबाला एकच सुटायला हवा तिथे, दोन सुटू लागले. तिसऱ्याच्या अर्ध्यात कर्रर्र झालं आणि मोटर नुसतीच फिरू लागली.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा सगळं समजलं, थोडं उशिराच. १९९१ साली तोक्यो मारुई कंपनीची फामास ही विजेवरची बंदूक आली तेव्हापासून या बंदुकांचं आतलं तत्त्व बदललेलं नाही. मोटर तीन गिअर फिरवते. शेवटचा तो सेक्टर गिअर, अर्ध्याच परिघावर दाते असलेला. दाते असतात तोवर तो पिस्टन मागे ओढतो, दाते संपले की पिस्टन सुटतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे आदळतो. त्या हवेने बीबी उडतो. सेक्टरचा एक फेरा, एक बीबी. सेमीवर याच गिअरवरचा उंचवटा कट-ऑफ लिव्हरला ढकलतो आणि काँटॅक्ट तुटतो.

११.१ वर गिअर इतका वेगात होता की पिस्टन पुढे पोचण्याआधीच पुढच्या फेऱ्याचे दाते त्याच्या अंगावर आले. त्यात जपानातल्या स्प्रिंगा कायद्यामुळे मऊ, पिस्टन परत यायलाही सावकाश. माझ्या पिस्टनच्या पट्टीवरचे चार दाते साफ भुईसपाट झाले होते. प्लास्टिकचा भुगा ग्रीसमध्ये मिसळून तिळाच्या चटणीसारखा दिसत होता.

पण बर्स्टचं कोडं सुटायचंच होतं. ते सुटलं त्याच सहकाऱ्याच्या बंदुकीमुळे. त्याच्याकडे तोक्यो मारुईची टाइप ८९ आहे, जपानी सैन्याच्या रायफलीची प्रतिकृती. तिच्या एकेक की सलग ते निवडायच्या खटक्यावर ‘आ’, ‘ता’, ‘रे’ अशी अक्षरं आणि ३ चा आकडा असतो. आ म्हणजे सुरक्षित, ता म्हणजे एकेक, रे म्हणजे सलग. जपानी लोक ती जोडून ‘आतारे’ वाचतात, म्हणजे ‘लाग!’. तिच्यात तीनचा बर्स्ट यांत्रिक आहे. गिअरचे फेरे मोजले जातात आणि तिसऱ्यानंतर संपर्क तुटतो. बॅटरी मरायला टेकली तरी ती तीनच मारते, फक्त रडत रडत.

मी विचारलं, मग माझी काय मोजते? तो हसून म्हणाला, “घड्याळ.”

खरंच होतं. माझा मॉसफेट फेरे मोजतच नव्हता. तो ठरावीक वेळ करंट सोडायचा आणि बंद करायचा. मी घरी अर्ध्या उतरलेल्या बॅटरीवर सेटिंग केलं होतं, सेकंदाला १५ बीबींच्या वेगाला. तीन बीबींना ०.२ सेकंद. पण पूर्ण चार्ज केलेली लायपो ७.४ नसते, ८.४ असते. वेग वाढला की त्याच ०.२ सेकंदात गिअर चौथ्या फेऱ्यात शिरतो आणि उरलेल्या गतीने तो पुराही करतो. संध्याकाळी उलटं. बिचाऱ्या बॅटरीचा काही दोष नव्हता.

मग नवा पिस्टन टाकला आणि सेन्सरवाला मॉसफेट बसवला. त्याची पट्टी गिअरबॉक्सच्या आतच बसते आणि सेक्टर गिअर प्रत्यक्ष पाहते. बसवताना सगळा जीव त्या कवचाच्या दोन भागांत जातो: एक भाग मिटायला जावं तर दुसरीकडून ट्रिगरची स्प्रिंग उडते. माझी दोनदा उडाली, एकदा फ्रिजखाली. बॅटरी मात्र ७.४ चीच ठेवली. ११.१ ची विकून टाकली, घेणाऱ्याला कारण सांगून.

चाचणी घरीच घेतली, कुरिअरच्या खोक्यात आत जुना टॉवेल लावून. पूर्ण चार्जवर दहा दाब, मध्ये दहा, बॅटरी उतरल्याचा अलार्म वाजायच्या बेतात असताना दहा. तीस दाबांचे ९० बीबी व्हायला हवेत. टॉवेल झटकून डब्याच्या झाकणात ओतले आणि मोजले. ८९. पुन्हा मोजले. ८९. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, मॉसफेटच्या पुस्तिकेचं पान न् पान वाचून काढलं.

पुढच्या शनिवारी बायकोने सोफा सरकवून व्हॅक्यूम क्लीनर फिरवला, तेव्हा नळीत काहीतरी खडखडलं.