तुम्ही विचारलंत म्हणून : न भेटलेल्या जावयाविषयी

मुलीसाठी आलेल्या स्थळाचे फोटो आणि त्याने समाजमाध्यमांवर लिहिलेले काहीबाही माझ्यापुढे ठेवून पालक हमखास विचारतात, "मालिकांमधले मानसतज्ज्ञ गुन्हेगाराला न पाहता त्याचा स्वभाव सांगतात, मग तुम्हाला या मुलाचा का सांगता येऊ नये?"

मालिकांमधला तो तज्ज्ञ 'प्रोफाइल', म्हणजे गुन्ह्यावरून गुन्हेगाराचे वर्णन, करत असतो; तो कृत्यावरून अज्ञात कर्त्याकडे जातो. घटनास्थळ, जखमा, वेळ यांवरून 'असे करणारा साधारण कसा असेल' याचा तो अंदाज बांधतो. तपासाला दिशा देण्यापुरता तो ठीक असला, तरी असे वर्णन एकाच वेळी अनेकांना लागू पडू शकते. लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर १९९२ मध्ये रेचेल निकेल या तरुणीचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी मानसशास्त्रज्ञाकडून करून घेतलेले प्रोफाइल कॉलिन स्टॅग याच्याशी जुळते असे ठरले आणि एका महिला पोलिसाने ओळख लपवून, जवळिकीचे आमिष दाखवून, त्याच्याकडून कबुली काढण्याचे महिनोन्‌महिने प्रयत्न केले. कबुली काही मिळाली नाही. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी हा पुरावा फेटाळला. डीएनएमुळे उघडकीस आलेल्या खऱ्या मारेकऱ्याने, रॉबर्ट नॅपरने, २००८ मध्ये सदोष मनुष्यवधाची कबुली दिली आणि मानसिक आजारामुळे त्याची जबाबदारी कमी धरली गेली. तो आजार ठरला, तो मात्र डॉक्टरांनी त्याला प्रत्यक्ष तपासून.

माझ्या कामात, म्हणजे मानसशास्त्रीय मूल्यमापनात, माणूस समोर असतो आणि माझे चुकते आहे हे तो मला दाखवू शकतो. ठोकळ्यांची नक्षी जुळवण्याच्या चाचणीत कोणी फार रेंगाळला, तर कागदावर गुण कमीच पडतात. पण तो कार्ड डोळ्यांजवळ नेऊन पाहतो आहे हे दिसले, की विचारता येते आणि चष्मा घरी राहिल्याचे कळते. असे शंभर खुलासे मुलाखत, पूर्वेतिहास आणि घरच्यांचे बोलणे यांतून होतात, तेव्हा कुठे चार ओळींचा निष्कर्ष लिहिता येतो. आणि तोही विशिष्ट प्रश्नापुरता, त्याच्या संमतीने. (मालिकेत एवढा वेळ कोण देणार!)

तेव्हा फोटो परत न्या. त्या मुलाला स्वतःहून यावेसे वाटले तर अवश्य येऊ दे. मात्र अहवाल त्याचा असेल आणि तो तुम्हाला दाखवायचा की नाही, हेही तोच ठरवील.