उत्प्रेरकी दिवा, नोंद सातवी: वाळ्याने वात अडवली

ज्योत विझवल्यावरही तापत राहून सुगंध पसरवणारा माझा उत्प्रेरकी दिवा मध्येच थंड पडतो; वातीवरचा सच्छिद्र बर्नर बदलल्यावर हा प्रश्न सुटल्याचे मी मागील नोंदीत जाहीर केले होते. ते विधान मागे घ्यावे लागत आहे. नवा बर्नरही रविवारी चौदाव्या मिनिटाला थंड पडला. ज्योत नेहमीप्रमाणे तीन मिनिटे ठेवून फुंकरीने विझवली होती, जाळीचे टोपण बसवले होते, आणि तरीही दिव्यावर हात धरला तर ऊब लागेना.

पहिला संशय अर्थातच इंधनातील पाण्यावर गेला. औषधाच्या दुकानातील 70 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुरुवातीला मला पुरेसे छळले आहे. पण आताचे मिश्रण 99 टक्क्यांच्या बाटलीतून केलेले, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 90 अल्कोहोल, 9 शुद्ध पाणी आणि 1 तेल असे होते. म्हणून राखीव ठेवलेला कोरा बर्नर काढून त्यात तेलाविना मिश्रण भरले, तेव्हा दिवा दोन तास न कुरकुरता चालला. गवती चहाच्या तेलानेही तसाच चालला. वाळ्याचे तेल घातल्यावर मात्र तिसऱ्या खेपेला त्याने मान टाकली.

कारण विचार केल्यावर उघड दिसते. ज्योत गेल्यावर बर्नरच्या माथ्यावरील उत्प्रेरक धातूवर अल्कोहोलची वाफ ऑक्सिजनशी ज्योतीविना संयोग पावते आणि त्याच उष्णतेने पुढची वाफ तयार होते. तापलेली प्लॅटिनमची तार ज्वालाग्राही वायूत ज्योतीविना लाल राहते, हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1817 मध्ये पाहिले होते. 1898 मध्ये पॅरिसच्या मोरिस बर्जेने या तत्त्वावर दिवा केला. अल्कोहोल सुमारे 82 अंशांना उकळते आणि लिंबाच्या तेलातील लिमोनिन 176 च्या आसपास, पण वाळ्यातील जड घटक याच्या कितीतरी पुढे उकळतात. त्यामुळे अल्कोहोल उडून जाते आणि चिकट अंश वातीत व बर्नरच्या छिद्रांत साचत राहतो. विक्रेत्याने ‘दिव्यालाही चालते’ असे छातीठोकपणे सांगितले होते. काकवीसारखे दाट, तपकिरी तेल पाहून मीच शहाणे व्हायला हवे होते.

अडलेला बर्नर वातीसकट रात्रभर निव्वळ अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवला. सकाळी द्रव फिकट चहासारखा झाला होता आणि पूर्ण वाळवून पेटवल्यावर बर्नर चाळीस मिनिटे तापता राहिला, एवढ्यावरही मी दिवसभर खूश होतो. (गरम दिव्यात कधीही पुन्हा भरू नये, हे पुन्हा सांगतो. शिवाय या क्रियेत थोडे अ‍ॅसिटोन तयार होते, म्हणून ‘हवा शुद्ध होते’ या जाहिरातीपेक्षा माझा विश्वास उघड्या खिडकीवर अधिक आहे.)

आज बर्नर दुसऱ्यांदा बुडवून ठेवण्याचा बेत होता, पण हे लिहिता लिहिता वाटले की वाळ्याला या दिव्यात कोंबण्याचा हट्टच सोडावा. मेणबत्तीवरच्या वाटीत पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांपलीकडे जात नाही, आणि जड तेलही पाण्याच्या वाफेबरोबर थोडे थोडे बाहेर येते. मुळांतून ते काढतातही याच रीतीने. मग तेल तरी कशाला? माठात घालण्यासाठी आणलेल्या वाळ्याची अर्धी जुडी आत्ताच कापून वाटीत भिजत घातली आहे, आणि मेणबत्ती लावण्यापूर्वीच मातीचा वास टेबलापर्यंत पोहोचला आहे.