एकादशीच्या भरतीला राजोडी

समुद्रावर जायचं ठरलं की आपण आधी सुट्टीचा वार बघतो. आम्हीही तेच केलं. डिसेंबरातल्या एका रविवारी मुलांना लाटांवर बोर्ड चालवायला शिकवायचं म्हणून बोरिवलीहून पहाटे निघालो, आठच्या सुमारास नालासोपाऱ्याजवळच्या राजोडीला पोचलो, तर समोर मैलभर वाटावी अशी ओली वाळू. पाणी पार लांब गेलेलं. चालत चालत गाठलं, तरी घोट्यापर्यंतच. लेक अकरा वर्षांची, आठवडाभर याच दिवसाची वाट बघत होती. तिथला शिकवणारा मुलगा म्हणाला, "ताई, आता काहीच होणार नाही. दुपारी भरती आहे." दुपारपर्यंत ऊन तापलं, वारा सुटला, पाणी खवळल्यासारखं झालं आणि सहा वर्षांचा धाकटा झोपेला आला. तसेच परत आलो.

घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आज तृतीया आहे. तीन पाऊणे सव्वादोन. सव्वादोनला भरती, म्हणजे आठला पूर्ण ओहोटी. मला विचारायचंत." त्यांचं माहेर अलिबागचं. कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं आणि पाणी चढायच्या आत परतायचं, यात त्यांचं लहानपण गेलेलं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा त्यांचा हिशोब. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, तेवढ्याच वेळानं परत भरती. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून पाऊणकी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेव्हा मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक ताडून बघाच. पण महिनाभर आधी तारीख ठरवायला पाऊणकी पुरेशी आहे.

मग आम्ही उलटं गणित मांडलं. राजोडीचा किनारा सपाट आहे. पूर्ण ओहोटीला पाणी लांब आणि लाटा मेलेल्या, पूर्ण भरतीला लाट वरच्या उतारावर आपटते. नवशिक्यांना आणि मुलांना भरतीच्या आधीचे दीड-दोन तास चांगले, पाणी चढत असतं आणि लाट लांबून फेसाळत येते. शिवाय वारा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतो, ते इथं डोळ्यांनी दिसतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो, तोवर लाटा गुळगुळीत, एकामागून एक. दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की पाण्यावर नुसती खळबळ होते. म्हणजे भरती सकाळी आठ-साडेआठची हवी. अकरा पाऊणे सव्वाआठ. एकादशी! आणि अष्टमी-नवमीच्या पुढचे हे दिवस भांगाचे, पाण्याचा चढउतार कमी, ओढही कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा लहान मुलांना घेऊन मी तरी पाण्यात उतरणार नाही.

फेब्रुवारीत एक एकादशी शनिवारी आली. सासूबाई म्हणाल्या, "मीही येते, उपास कुठेही करता येतो."

आता जाण्याचं सांगते. विरार लोकल पकडायची आणि नालासोपाऱ्याला उतरायचं. पहाटे त्या दिशेच्या गाड्या मोकळ्या असतात, सासूबाईंना खिडकी मिळाली. पश्चिमेला उतरून रिक्षा. राजोडी तिथून सात-आठ किलोमीटर आहे. विरारहूनही जाता येतं. भाडं बसायच्या आधी ठरवा, आणि ही गोष्ट मी कळकळीनं सांगते, की त्याच रिक्षावाल्या दादांचा नंबर घेऊन परतीची वेळ तिथल्या तिथं पक्की करा. डिसेंबरात आम्ही ते केलं नव्हतं. परतताना चाळीस मिनिटं उन्हात उभे होतो, एकही रिकामी रिक्षा आली नाही आणि धाकट्याला कडेवर घेऊन नवऱ्याची पाठ धरली.

पावणेसातला पोचलो तेव्हा उजाडत होतं. किनाऱ्याला सुरूची दाट झाडी आहे, खाली काड्यांचा गालिचा. त्यात सुरूची काटेरी बोंडं पडलेली असतात, ती अनवाणी पायाला जबर टोचतात, म्हणून ओल्या वाळूपर्यंत चपला काढू नका. माणसं फारशी नव्हती. दोन-चार गावकरी फिरायला आलेले, एक कुत्रं आणि आम्ही. याच किनाऱ्यावर रविवारी अकराला मोटारसायकली, पतंग, ढोल असं सगळं असतं, शेजारचं कळंब तर रिसॉर्टांमुळे आणखी गजबजतं. शांत समुद्र हवा असेल तर सूर्योदय ते दहा, एवढीच वेळ आपली.

शिकवणारे आधी फोनवर ठरवलेले बरे. पैसे तर विचाराच, पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. एका शिक्षकामागे किती मुलं असतात, लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का, आणि शिक्षक स्वतः पाण्यात उभा राहतो की काठावरून ओरडतो. आम्ही दोन मुलांमागे एक शिक्षक असं ठरवून घेतलं. कपडे बदलायला त्यांच्याकडे आडोसा आणि गोड्या पाण्याचा पिंप होता. बायकांनी हे नक्की विचारून घ्यावं, कारण सार्वजनिक स्वच्छतागृह मला जवळ कुठे दिसलं नाही.

पहिला अर्धा तास वाळूतच गेला. बोर्ड फोमचा, मऊ, माणसापेक्षा लांब. त्याला एक दोरी असते, ती मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. मागचा पाय कोणता हे कसं कळणार? शिक्षकानं लेकीला पाठमोरं उभं केलं आणि हलकेच ढकललं. तोल सावरायला तिनं डावा पाय पुढे टाकला. "तुझा डावा पुढे." मग पोटावर झोपायचं, तळहात बरगड्यांपाशी, छाती वर, आणि एका दमात उभं राहायचं. पावलं आडवी, गुडघे वाकलेले. नजर पायांवर नाही, समोर झाडांवर. ती परत परत पायांकडे बघायची आणि तो परत परत म्हणायचा, "झाडं बघ."

पडायचं कसं, हेही वाळूतच शिकवलं, आणि मला तो भाग सगळ्यात मोलाचा वाटला. डोकं खाली करून सूर मारायचा नाही, पाणी कमरेएवढंच असतं. पाठीवर नाहीतर कुशीवर आडवं पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, कारण बोर्ड दोरीला असतो आणि तो परत येतो. आणि बोर्ड कधीही आपण आणि लाट यांच्या मध्ये धरायचा नाही, लाट तो उचलून थेट छातीवर आणते. मी हा नियम पाचव्या मिनिटाला विसरले आणि बरगडीवर दणका बसला, दोन दिवस दुखत होतं.

सव्वासातला पाण्यात. गार होतं, पण पाच मिनिटांत अंग सरावलं. शिक्षक कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड धरून उभा, मागून फुटलेली फेसाची लाट आली की बोर्ड पुढे ढकलायचा. फुटायच्या आतली हिरवी लाट पुढच्या खेपेची. लेक पहिल्या दहा-बारा लाटांना पडली. नाकातोंडात पाणी, डोळे लाल, वेणी सुटलेली. मी काठावरून "बास आता" म्हणणार होते, पण सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला. पुढच्या लाटेला ती गुडघ्यांवर आली, त्याच्या पुढच्या लाटेला उभी राहिली. सहा-सात सेकंद असतील. हात पसरलेले, तोंड उघडं, आणि नजर खरंच झाडांवर. वाळूला लागेपर्यंत ती उभी होती. मी रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक आईबापानं समजून घ्यावी. शिक्षकानं आम्हाला पाण्यात नेण्याआधी काठावर उभं करून समुद्र बघायला लावला. सगळीकडे पांढऱ्या फेसाच्या रांगा येत होत्या, फक्त डावीकडे एका पट्ट्यात लाट फुटतच नव्हती. तिथं पाणी शांत, जरा गढूळ, फेस उलटा समुद्राकडे सरकत होता. "तुमची मुलं कुठे खेळवाल?" त्यानं विचारलं. नवऱ्यानं त्या शांत पट्ट्याकडे बोट केलं. मीही तेच केलं असतं. तर नेमकी तीच ओढीची जागा. लाटांनी काठावर आणलेलं पाणी परत जायला अशी एक वाट शोधतं, आणि त्या वाटेवर माणूस सापडला की तोही आत जातो. चुकून ओढीत सापडलात तर काठाच्या दिशेनं झगडायचं नाही, चांगला पोहणारासुद्धा त्यात दमून जातो. आडवं, किनाऱ्याला समांतर सरकत जायचं, जिथं लाटा फुटतायत तिथपर्यंत. मग लाटाच बाहेर आणतात. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करायचा. तो पट्टा दर भरतीला जागा बदलू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. आणि मुलं हाताच्या अंतरावर. काठावरून लक्ष ठेवणं पुरत नाही.

पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालावं. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसलेलं असू शकतं, पाय घासत गेलो की ते आपणहून निघून जातं.

पावसाळ्यात मात्र जाऊच नका. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारीला बंदी असते. कोळी जेव्हा होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा आपण मुलांना पाण्यात उतरवायचं कशाला? पाऊस असेपर्यंत मुंबईच्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटलही येतात, त्यांच्या लांब दोऱ्यांचा डंख भयंकर असतो. वाळूत मेलेला दिसला तरी हात लावू देऊ नका. थंडीत लाटा लहान असतात, शिकायला त्याच बऱ्या.

साडेआठ-पावणेनऊनंतर पाणी उतरायला लागलं आणि धाकट्याचा दिवस तिथून सुरू झाला. त्याला आम्ही बोर्डावर फक्त पालथा झोपवून दोन वेळा सरकवलं, तेवढं त्याला पुरलं. पण पाणी मागे हटलं तसे ओल्या वाळूत बारीक बारीक छिद्रांमधून खेकडे बाहेर आले, नखाएवढे. वाळू तोंडाला लावायची, त्यातलं खाणं चाखायचं, उरलेल्या वाळूची साबुदाण्याएवढी गोळी करून मागे टाकायची. पंधरा मिनिटांत प्रत्येक बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा, ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या. सासूबाई आणि तो उकिडवे बसून बघत होते. त्यानं पाऊल टाकलं की सगळे खेकडे एकदम गडप. "हलू नकोस, ते परत येतात," त्या म्हणाल्या, आणि तो खरंच दहा मिनिटं हलला नाही. घरी हे मूल जेवायला दहा मिनिटं बसत नाही.

खाण्याचं आम्ही सोपं ठेवलं. पाण्यात उतरण्याआधी मुलांना फक्त एक एक केळं. नंतर सुरूच्या सावलीत साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याचे लाडू. एकादशीमुळे सगळ्यांचाच डबा एक झाला आणि माझं पहाटेचं काम निम्मं झालं. पिण्याचं पाणी माणशी दोन लिटर घ्या, खाऱ्या पाण्यानं तहान फार लागते. अंगात पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट हवा, सुती नको, तो पाणी पिऊन जड होतो. पायाच्या पोटऱ्यांना मागून क्रीम लावायला विसरू नका. बोर्डावर पालथं झोपल्यावर ऊन तिथंच लागतं, लेकीच्या पोटऱ्या लालभडक झाल्या होत्या. चष्मा असेल तर मागून दोरी. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी एक घडीची खुर्ची, वाळूत बसून उठणं गुडघ्यांना जड जातं.

गाडीनं येणार असाल तर महामार्गावरून वसई किंवा विरार फाट्यानं आत वळा, पण गाडी वाळूत उतरवू नका. आमच्यासमोर एक मोठी गाडी ओल्या वाळूत निम्म्या चाकापर्यंत रुतली. पाच जण ढकलत होते, चाकं आणखी खोल जात होती, आणि खेकड्यांची ती सगळी रांगोळी चिखलात गेली होती. पाणी उतरत होतं म्हणून गाडी वाचली. चढत्या पाण्यात हे झालं असतं तर?

अकराला ठरल्याप्रमाणे रिक्षा आली. वाटेत रस्त्याकडेला वसईची केळी आणि सुकेळी विकायला होती, सासूबाईंनी उपासाला म्हणून दोन पुड्या घेतल्या. नालासोपाऱ्यात शिरताना पंधरा मिनिटं बुरुड राजाच्या कोटाशी थांबलो. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर, आणि हा कोट म्हणजे तिथला बौद्ध स्तूप. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, त्यात सापडलेला करंडक आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. मुलं दमली होती, त्यांना ऐकवलं नाही. झाडांच्या सावलीत पाणी प्यायलो आणि निघालो.

परतीला दहाच्या आधीची लोकल पकडायचा विचारही करू नका, कामावर जाणाऱ्यांची गर्दी असते. साडेबाराला आम्हाला सगळ्यांना बसायला मिळालं. नायगाव सुटलं, गाडी खाडीच्या पुलावर आली. दोन्ही कडेला चिखल उघडा पडलेला, बगळे त्यात उभे. सासूबाईंनी घड्याळ बघितलं आणि लेकीला म्हणाल्या, "अडीचला पूर्ण ओहोटी. मोज." तिनं बोटांवर मोजलं.

घरी आल्यावर कपडे थेट मशीनमध्ये किंवा मोरीत टाकू नका. बादलीत गोड्या पाण्यात बुडवून अर्धा तास ठेवा, वाळू तळाशी बसते. वरचं पाणी ओता, वाळू वर्तमानपत्रावर काढा. आमची मोरी डिसेंबरात तुंबली होती, या खेपेला मूठभर वाळू निघाली, ती धाकट्यानं बरणीत भरून ठेवली आहे.